फौजदार टाइप आणि भिवबा जुळारी

भिवबा जुळारी यांच्यावर अन्याय झाला तो सन एकोणीसशे चव्वेचाळीस साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, सांगलीतल्या एका छापखान्यात. वेळ पक्की सांगतो, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. भिवबांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. सगळ्या कामगारांदेखत त्यांना चोर म्हटलं गेलं आणि हातातली अक्षरं जुळवायची स्टिक काढून घेतली गेली. ज्या माणसानं त्या छापखान्यात उभं आयुष्य काढलं, त्याला चपला घालायलाही थांबू दिलं नाही. भिवबा चोर नव्हते. चोर कोण होता ते मला ठाऊक आहे, आणि ते मी या लेखात सांगणार आहे.

संपादकांनी पत्र घातलं होतं, 'छापखान्यातल्या आठवणी लिहा, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं येऊ द्या.' हलकंफुलकं लिहायची मला सवय नाही. माझं सगळं लिहिणं पत्रकांवर घडलं. पत्रकाची पहिली ओळ अशी लागते की वाचणाऱ्याचा घास हातातच राहावा, आणि शेवटी त्याला काहीतरी करायला सांगावं लागतं. मधे गमती आल्या तर माझी ना नाही. गमती होत्याच.

मी त्रेचाळीसच्या सुरुवातीला सांगलीत आलो. त्याआधी काही महिने औंधच्या बाजूला एका गोठ्यात बसून आम्ही चारपाच पोरं बेचाळीसच्या चळवळीची पत्रकं चोरून छापत होतो. तिथं पोलिसांना सुगावा लागला, साथीदार पांगले, मी सांगलीची वाट धरली. मालकांना इंग्रजी वाचता येणारा जुळारी हवा होता. मी मॅट्रिकला एकदा बसून नापास झालेलो, म्हणजे त्या छापखान्यात विद्वान; सगळे मला मास्तरच म्हणू लागले. मालकांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं नाही. न विचारण्यात शहाणपण होतं आणि थोडी माणुसकीही होती. त्याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानतो. पुढं जे लिहिणार आहे ते हे विसरून नाही.

जुळारी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही वाटतं की छापखान्यात मजकूर दिला की मशीन आपोआप छापतं. तसं नसतं. प्रत्येक अक्षर शिशाच्या एका खिळ्याच्या डोक्यावर उलटं ओतलेलं असतं. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. जुळारी एका हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरतो आणि दुसऱ्या हातानं एकेक खिळा उचलून त्यात उलटा लावत जातो. छापून झालं की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या घरात. दिवसभर उभं राहायचं, पोटऱ्या भरून येतात, बोटांची टोकं काळी पडतात ती लग्नातही पांढरी होत नाहीत.

भिवबा या कामातले उस्ताद. मूळचे खानापूरच्या पलीकडचे, धनगराघरचे. मेंढरं भावावर टाकून तरुणपणी सांगलीला आले, आधी ट्रेडल मशीनचं पायडल मारलं, मग केसवर उभे राहिले. मराठी अक्षर लावता लावता वाचायला शिकले. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नव्हतं. तरी इंग्रजी ते माझ्या दुप्पट वेगानं लावायचे, निव्वळ आकार बघून. हस्तलिखितातला आकार डोळ्यांत भरायचा की हात त्या घरावर. अर्थाशी संबंध नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आमच्या छापखान्याचं खरं वैभव म्हणजे एक इंग्रजी टाइप. व्यापारात त्याला ओल्ड इंग्लिश म्हणतात. छत्तीस पॉइंटाचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा, जाड काळा. तुम्ही तो पाहिलेला आहे. इंग्रजी वर्तमानपत्राच्या नावाला, सर्टिफिकिटाच्या माथ्यावर, कोर्टाच्या कागदावर असतो. अक्षर कसलं, लोखंडी फाटकाचे गजच. उभ्या जाड रेघा, एकीला एक खेटून, आणि प्रत्येक रेघेच्या डोक्याला नि पायाला तिरका, धारदार कोन. मधल्या पांढऱ्याला जागाच कमी. मोठी अक्षरं तर फेटा बांधून, मिशीला पीळ भरून बसलेली. कुठल्याशा काळी युरोपात धर्मग्रंथ रुंद टाकानं लिहीत, त्या हाताची ही नक्कल, असं मी नंतर वाचलं. भिवबांना ते वाचावं लागलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "ह्ये बोरूचं अक्षार हाय. आमच्या गावचा कुलकर्णी असंच लिवायचा. बोरू तिरका छाटायचा न् दाबून वडायचा."

त्यांनी त्या टाइपाचं नाव ठेवलं होतं 'फौजदार'. का, ते मला लवकरच कळलं.

मला पहिलं काम आलं तालमीच्या बक्षीसपत्राचं. वस्तादांना वर 'सर्टिफिकेट' हवं होतं, इंग्रजीत, दांडगं. मी सगळी मोठी अक्षरं घेऊन दणदणीत ओळ लावली आणि कौतुकानं भिवबांना दाखवली. त्यांनी स्टिक घेतली, उजेडात धरली आणि सगळे खिळे टेबलावर ओतून दिले.

"अहो, काय केलंत हे?"

"गड्या, एका चौकीत दोन फौजदार बसत्यात व्हय?"

"म्हणजे?"

"म्होरं एक मोठा ठेव. मागनं समदं बारीक. शिपाई म्हण की. समदंच फौजदार उभं केलंस तर सलाम कुनी कुनाला ठोकायचा?"

त्यांनी दोन्ही ओळी लावून मला दोन प्रुफं काढून दाखवली. माझ्या ओळीतून काहीच वाचता येत नव्हतं, नुसत्या मिशा. त्यांच्या ओळीत शब्द उभा राहिला होता. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं इंग्रजी शिकलेल्याला इंग्रजी वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा चेला. शाई किती लावायची हेही त्यांनीच शिकवलं. या टाइपाला शाई जास्त झाली की अक्षराचं पोट भरतं आणि ते आंधळं होतं. कमी झाली तर काळेपणात पांढरे ठिपके राहतात. "ह्येला भूक लय हाय, पन घासाघासानं घाल," म्हणायचे.

फौजदार टाइपाचे दरारे किती सांगावेत! पलूसचे एक सुभेदार होते, रजेवर आलेले. मुलाची लग्नपत्रिका छापायला आले आणि भिंतीवरच्या नमुन्यात बोट रुतवून म्हणाले, "हेच. वर इंग्रजीत वेडिंग, ह्याच अक्षरात. व्याह्यांना कळलं पाहिजे कुणाशी गाठ हाय ती." मी म्हटलं, "सुभेदार, हे अक्षर जरा कोर्टाचं वाटतं." ते म्हणाले, "मग वाटू दे की रं. लगीन म्हंजे तरी काय हाय?"

पत्रिका गेल्या. आठ दिवसांनी सुभेदार परत. चेहरा पडलेला. मुलीच्या मामानं पत्रिका पाहिली, माथ्यावरची अक्षरं पाहिली आणि आत मराठीत काय लिहिलंय ते बघितलंच नाही. कागद तसाच घडी करून पागोट्यात खोचला आणि थेट तासगावच्या कचेरीत जाऊन हात जोडून उभा राहिला, "साहेब, मी काय बी केलेलं न्हाई." कारकुनानं वाचून दाखवलं तेव्हा त्याला कळलं की आपल्याला जेवायला बोलावलंय. सगळा छापखाना हसला. मीही हसलो. भिवबा हसले नाहीत. खिळे घरात टाकत म्हणाले, "हसू नगा. त्येच्या बापाला असल्याच अक्षरांचा कागुद आला आसंल कवातरी."

मला तेव्हा हे नुसतं मार्मिक वाटलं. त्यातून शहाणपण घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

चव्वेचाळीसच्या श्रावणात एक ठेकेदार आला. लष्कराला गवत पुरवणारा. खाचरांना, उसाला पाणी असलेल्या मुलखात गवत विकत घ्यावं लागतं, म्हणून त्याची नजर पूर्वेकडच्या माळांवरच्या फुकट गवतावर गेली होती. त्याला नोटिसा छापून हव्या होत्या. मजकूर त्यानं इंग्रजीत लिहून आणला होता. वर 'नोटीस', फौजदार टाइपात. मधे चार ओळी, अमुक कुरणात गुरंमेंढरं सोडण्याची बंदी आहे, ती मोडणाऱ्यावर कारवाई केली जाईल. खाली पुन्हा त्याच टाइपात 'बाय ऑर्डर'. म्हणजे हुकमावरून. कुणाच्या हुकमावरून? ते अगदी तळाला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात होतं. ठेकेदाराच्या स्वतःच्या पेढीचं नाव! सरकारचा, कोर्टाचा, मामलेदाराचा कुणाचाही त्यात उल्लेख नव्हता. खोटं एक अक्षर नव्हतं. खोटं होतं ते अक्षराच्या पोशाखात.

भिवबांनी तो कागद आकार बघून लावला. प्रूफ मी तपासलं. मी. मला इंग्रजी येत होतं. मी तळाची ओळ वाचली, ठेकेदाराची लबाडी ओळखली, मनाशी हसलोसुद्धा की बेटा हुशार आहे, आणि 'बरोबर' अशी सही केली. गोठ्यात बसून जुलमी सरकारविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारा मी, पण माझ्या डोक्यात जुलूम म्हणजे फक्त साहेबाचा. आपल्या गिऱ्हाइकाचा जुलूम हा मला जॉब वाटला. हे लिहिताना आजही कान तापतात.

भाद्रपदात एका दुपारी छापखान्याच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. भिवबांची चुलत बहीण, जनाक्का. माळावरून दोन दिवस चालत आलेली.

"दादा," ती म्हणाली, "सरकारनं कुरन घ्येतलं रं."

"कुठल्या सरकारनं?"

"मला काय ठावं? कागुद आलाय. देवळाच्या खांबाला डकवलाय. एक काढून आनलाय बघ. बाप्ये म्हनत्यात, मेंढरं घिऊन खाली उसाच्या मुलखात जाऊया."

"आत्ता? चिखलात?"

"मग काय करू? खुरं कुजतील, कोकरं तर धा दिस बी निघायची न्हाईत. पन सरकारम्होरं कोन हुबा ऱ्हातंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धनगर पावसाळ्यात आपल्या माळावर असतात, कारण माळ कोरडा. ओल्या मुलखात मेंढराच्या खुरात सड धरते, ते लंगडतं आणि मरतं. खाली उतरायचं ते दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. श्रावण-भाद्रपदात माळ सोडणं म्हणजे कळप हातानं मारणं.

भिवबांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. त्यांचा अंगठा पहिल्या मोठ्या अक्षरावर, नोटीसच्या एनवर थांबला. आमच्या केसमध्ये मोठे एन दोन होते. एकाच्या डाव्या पायाचं टोक जुन्या काळी कधी खाली पडून तुटलेलं होतं. कागदावरच्या एनला ते टोक नव्हतं.

"ह्ये मी लावलंय," भिवबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय लिवलंय ह्यात?"

मी सांगितलं. तळाच्या ओळीसकट.

"छापलं तवा तू वाचलं हुतंस?"

"होय."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. नंतर जे बोलले ते आवाज न चढवता. "मला वाचाय येत न्हाई म्हनून मी सुटलो. तुझं काय?"

जनाक्कानं दोघांकडे पाहिलं आणि घोंगड्यातून भाकरीचं गाठोडं सोडलं. "दोघं बी खावा आदी. उपाशी मानसाचं भांडान लांबतंय."

मी जेवलो नाही. कोपऱ्यात बसून पत्रक लिहायला घेतलं. काय पत्रक होतं! 'धनगर बांधवांनो, उठा!' इथपासून सुरुवात. पाठपोट भरलं. भिवबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झ्याक हाय. वाचनार कोन?"

"म्हणजे?"

"ह्ये वाचाय येत आसतं तर त्यांनी नोटीस बी वाचली आसती न्हवं? ती इंग्रजी हाय, ह्ये मराठी हाय, माळावर दोनी सारखंच. मास्तर, त्यांना भ्या मजकुराचं न्हाई वाटलं. अक्षराचं वाटलंय. तवा अक्षरच दाखवाया पायजे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालक घरी गेल्यावर आम्ही कामाला लागलो. भिवबांनी तीच नोटीस पुन्हा लावली, तीच चौकट, तोच फौजदार, तोच तुटक्या पायाचा एन. मधला मजकूर मी इंग्रजीत सांगितला. हे कुरण जनाक्काच्या एडक्याच्या मालकीचं असून, त्याच्या परवानगीशिवाय कुणीही गवत कापू नये. खाली 'बाय ऑर्डर', आणि तळाला मुंगीच्या अक्षरात एडक्याचं नाव, राजा. प्रूफाच्या हातमशीनवर काही प्रती काढल्या. इंग्रजी कळत नसूनही भिवबा ओळी लावताना गालात हसत होते. मी अर्थ सांगितला होता ना. अर्थ ठाऊक असताना इंग्रजी लावायची त्यांची ती पहिली वेळ. म्हणाले, "असं आसतंय व्हय? मग तर लय मजा हाय की ह्यात. इतकी वर्सं कुनी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी सहा मोठे खिळे फडक्यात बांधले. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाले, "कागदावर कागुद काय दाखवायचा? खिळा हातात दिल्याबिगार भ्या मोडायचं न्हाई. पन मोजून न्यायचं, मोजून आनायचं."

रविवारी गेलो. मोटार जिथवर जाते तिथवर मोटारीनं, पुढं पायी. बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली होती, जनाक्काचा एडकाही तिथंच बांधलेला होता. भिवबांनी त्यांची नोटीस आणि आमची नोटीस शेजारीशेजारी धरली.

"ही कुनाची?"

"सरकारची," सगळे म्हणाले.

"आन् ही?"

"ती बी सरकारचीच."

"ही जनाक्काच्या राजाची हाय," भिवबा म्हणाले आणि मजकूर सांगितला. कुणी हसलं नाही. उलट एका म्हाताऱ्यानं घाबरून एडक्याकडे बघितलं. तेव्हा भिवबांनी फडकं सोडलं. दिव्याची काजळी तेलात कालवली, खिळ्याला लावली आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर उमटवली. तोच फेटा, त्याच मिशा. "ह्यो फौजदार. शिशाचा. माझ्या लाकडी खोक्यात ऱ्हातोय. शाई लावली तर बोलतोय, न्हाई तर गप. ह्येला कुनी बी छापतंय, ज्येच्याकडं खोकं हाय त्यो."

म्हाताऱ्यानं तळहाताकडे पाहिलं. खिळा हातात घेऊन उलटासुलटा केला. दातानं चावून बघितला. "मऊ हाय रं," म्हणाला. मग उठला, खिळा काजळीत बुडवला आणि राजाच्या पांढऱ्या पाठीवर दाबला. "हां! एडका सरकारी झाला. राम राम करा त्येला!" आणि मग जो हशा फुटला तसा हशा मी कुठल्या सभेत ऐकलेला नाही. पोरंबाळं एडक्याला मुजरे करत होती. एक बाई म्हणाली, "ह्येला घाबरून आमी तंबू गुंडाळलं व्हय गं बया!" माझं पाठपोट पत्रक खिशातच राहिलं, आणि ते राहिलं याचा मला आनंद झाला.

निघताना फडक्यात खिळे पाच भरले. सहावा, तुटका एन, जनाक्कानं पदराच्या गाठीत बांधला होता.

"अक्का, तो द्या," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. म्होरं कागुद आला तर ताडून बघीन."

म्हातारी किती पुढचं बघत होती! भिवबा पलीकडं मोटारीची चौकशी करत होते. मी म्हटलं, ठेवा. केसमध्ये दुसरा आहे, एका खिळ्यानं काय होतंय? वाटेत भिवबांनी विचारलं, "मोजलंस?" मी म्हटलं, "मोजलं." हे खोटं नव्हतं. मोजलं होतं. पाच भरले, एवढंच सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते घरात मीच टाकले.

पुढं ठेकेदाराची माणसं विळे घेऊन माळावर गेली. धनगरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुनाचा हुकूम? सरकारचा आसंल तर तलाठ्याला संगं आना." तलाठी आला नाही, कारण त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. गवत मेंढरांनी खाल्लं. कळप दिवाळीनंतर, कोरड्या वाटेनं, आपल्या वेळेला खाली उतरला.

ठेकेदार मात्र दसऱ्याच्या आधीच, माळावर हाती लागलेली एडक्याची नोटीस घेऊन मालकांकडे आला. मालकांनी ती गुपचूप ठेवून घेतली. खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे मशीन धुतलं, केसना झेंडू वाहिले, भिवबांनी फौजदाराच्या केसपुढं नारळ फोडला. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांदेखत ती केस बाहेर काढायला लावली आणि घरागणिक खिळे तपासले. एनच्या घरात एकच.

"दुसरा कुठं गेला?" मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाचा मजकूर फोडायचा, त्याची टिंगल छापायची, आणि वर टाइपही पळवायचा? कोण आहे हा?"

माझं तोंड उघडलं. भिवबांनी माझ्या पायावर पाय दिला, असा की करंगळी आजही थंडीत दुखते.

"मी," ते म्हणाले.

"भिवबा, तुम्ही? चोरी?"

"जे म्हनायचं ते म्हना."

बाहेर पडताना मी त्यांच्या मागं धावलो. फाटकाशी ते म्हणाले, "गप ऱ्हा. तुझ्यामागं पोलीस हायत. माझ्यामागं मेंढरं. कुनाला काय झेपतंय त्ये बघायचं आसतंय." आणि अनवाणी चालू लागले.

हे खरं होतं. माझं नाव निघालं असतं तर मालकांना माझं गाव विचारावंच लागलं असतं, आणि गाव कळलं असतं तर मी तुरुंगात असतो. म्हणून मी गप्प राहिलो. चव्वेचाळीसमध्ये गप्प राहण्याला कारण होतं. सत्तेचाळीसनंतर कुठलं होतं? तेव्हा पोलीस मागं नव्हते, उलट हार घेऊन पुढं होते. साताऱ्यात माझा सत्कार झाला, हातात मानपत्र पडलं. त्याच्या माथ्यावर कुठला टाइप होता ते सांगायला नको. मी ते गुंडाळून घरी नेलं आणि तरीही गप्प राहिलो, कारण एव्हाना मी सत्कारमूर्ती झालो होतो आणि सत्कारमूर्तीनं खिळा चोरलेला शोभत नाही.

मालकांनी भिवबांबद्दल सांगली, मिरज, साताऱ्यापर्यंतच्या छापखान्यांना कळवलं, 'हात लांब आहे.' धंदा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. एकानंही त्यांना केसपुढं उभं केलं नाही. आज ते पलूसजवळ एका गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं घालतात. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो. पायाला हात लावला तर म्हणाले, "मागं सर, मास्तर, धग हाय." मग पहिला प्रश्न, "नवा टाइप कंचा आलाय?" मी खिशातून नमुन्याचा कागद काढला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि दोन अक्षरांमधली जागा बोटानं दाखवली, "हितं एक पातळ पट्टी घालाया पायजे हुती." तो जॉब मी स्वतः लावला होता, आणि पट्टी खरंच राहिली होती.

मी म्हटलं, "भिवबा, मी सगळं लिहून टाकणार आहे."

ते चुलवाणात चिपाड सारत म्हणाले, "लिव. पन रडगानं लिवू नगंस. त्या माळावर मानसं हासली हुती, त्ये आदी लिव."

ते लिहिलं. माझ्या हातात जी कला आहे ती त्यांची आहे. वाचता येतं त्याच्यावर न वाचणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी असते, हे मला कुठल्या पुढाऱ्यानं शिकवलं नाही, त्यांनी एका प्रश्नात शिकवलं. माझं तुरुंगाबाहेरचं मोकळं आयुष्यही त्यांनी दिलेलं आहे. एवढं घेतलेला माणूस रडेल कशाला? मी ऋणी आहे. आणि ऋणी असलो तरी संतापलेला आहे, सगळ्यात जास्त स्वतःवर.

आता कबुली, साध्या मराठीत, माझ्या नावानं. खिळा मी दिला. भिवबांना ते ठाऊकही नव्हतं. त्यांनी आयुष्यात कुठल्याही छापखान्यातून शिशाचा कण नेलेला नाही. ज्या मालकांनी त्यांना चोर म्हटलं त्यांना मी हे पत्रानंही कळवलं आहे, खिळ्याची भरपाई माझ्याकडून घ्या म्हणून. उत्तर आलेलं नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगतो, वाचणाऱ्याला. या तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या घरी, नात्यात, गल्लीत कुणाचं तरी लग्न निघेल आणि तुम्ही पत्रिका छापायला जाल. कागद निवडण्याआधी, टाइप निवडण्याआधी मालकाला विचारा, "भिवबा जुळाऱ्याला कामावर घेता का?" माणूस पलूसला आहे, डोळे शाबूत आहेत, हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मालक म्हणाला, तो चोर आहे, तर हा अंक त्याच्यापुढं उघडून ठेवा. तरीही नाही म्हणाला, तर उठा आणि पत्रिका दुसरीकडे छापा.